पाठीवरचे बिऱ्हाड



‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण नेहमी वापरतो. बदलीच्या नोकरीतला माणूस ती हसत हसत सांगतो आणि त्याची पत्नी ती थोड्या कष्टी सुरात सांगते. आज मी ज्या बिऱ्हाडाविषयी बोलणार आहे ते मात्र खरोखरच पाठीवर बांधलेले असते. एका दणकट ट्रकच्या चासीवर छोटेसे घर बसवावयाचे. त्यात झोपण्याची जागा, शेगडी, शीतकपाट, पाण्याची टाकी, दिवे, शौचकूप असे सर्व काही करावयाचे. आणि ते घर घेऊन जिथे शेकडो किलोमीटर वस्ती नाही, नळ नाही, दुकान नाही अशा वाळवंटात फिरावयास जावयाचे. ऑस्ट्रेलियात हा प्रवास करणारे पुष्कळ लोक आहेत. अशा गाडीला तेथे जे विशेषण लावतात त्याचा सरळ मराठी अर्थ ‘स्वयंपूर्ण’ असा होतो.

ह्या ‘स्वयंपूर्ण’ शब्दाचाच आज थोडा विचार करावयाचा आहे. माणूस वाळवंटात स्वयंपूर्ण होऊ शकतो काय? होत असेल तर किती दिवस, आणि कशाच्या आधारावर? आपल्यापैकी कित्येकांची मुलेबाळे आज मेलबर्न-सिडनीकडे आहेत. सुट्टीत अशी गाडी भाड्याने घेऊन ती कोठे कोठे जातात, त्याची छायाचित्रे आपल्यापर्यंत येतात. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

प्रथम तो मुलूख पाहू. ऑस्ट्रेलिया खंडाच्या जवळजवळ मध्यावर सिम्प्सनचे वाळवंट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,७०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. पाऊस वर्षाकाठी दीडशे ते दोनशे मिलिमीटर, आणि तोही पडेल तेव्हा खरा. ह्या वाळवंटात लाल वाळूच्या टेकड्या आहेत. त्या अस्ताव्यस्त पसरलेल्या नसून नांगरलेल्या शेतातील सरींसारख्या एकमेकींना समांतर, वायव्य-उत्तरेकडून आग्नेय-दक्षिणेकडे शेकडो किलोमीटर पसरलेल्या आहेत. अशा सुमारे अकराशे टेकड्या आहेत असे सांगतात. पश्चिमेकडे त्या बुटक्या असतात, पूर्वेकडे उंच होत जातात, आणि बर्ड्‌सव्हिल गावाजवळची ‘बिग रेड’ ही टेकडी तर सुमारे ४० मीटर उंच आहे. प्रत्येक टेकडीची पूर्वेकडील बाजू अधिक खडी असते. म्हणून बहुतेक प्रवासी पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. चढण सोपी पडते आणि खडी बाजू उतरणीला येते.

वाळवंटाच्या पश्चिम कडेला माउंट डेअर येथे इंधन मिळते. त्यानंतर पूर्वेकडच्या बर्ड्‌सव्हिलपर्यंत सुमारे साडेपाचशे किलोमीटर काहीही मिळत नाही. पुण्याहून नागपूरला निघावे, वाटेत एकही गाव, एकही पंप, एकही विहीर लागू नये आणि रस्त्याच्या जागी वाळूच्या अकराशे सरी असाव्यात, अशी कल्पना करा. ह्या प्रवासाला चार-पाच दिवस सहज लागतात.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण सर्व सामान बरोबर घेऊन वाळवंटात जाण्याची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. २० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्न शहरातून बर्क आणि विल्स ह्यांची मोहीम निघाली. खंड दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत ओलांडावयाचा होता. बरोबर सुमारे वीस टन सामान होते; त्यात जेवणाचे लाकडी टेबल आणि खुर्च्यासुद्धा होत्या. ह्या मोहिमेसाठी उंट आणले होते ते हिंदुस्थानातून, आणि त्यांना जहाजावर चढविले होते ते कराची बंदरात. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेलच. उंटांबरोबर त्यांना हाकणारे लोकही गेले. त्यांत सामला नावाचा एक हिंदू होता; मोहिमेतील शिधा त्याच्या धर्माला चालेना, म्हणून तो आरंभीच रजा घेऊन परतला. त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध आणि पंजाब ह्या प्रदेशांतील कितीतरी उंटवाले ऑस्ट्रेलियात गेले. तिथल्या लोकांनी सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले, त्याचे ‘घान’ झाले, आणि आज खंडाच्या मध्यातून धावणाऱ्या आगगाडीचे नावही ‘द घान’ असेच आहे. वाळवंटातील गावांना पीठ, साखर, तारायंत्राचे सामान ह्याच लोकांच्या उंटांनी पोचविले.

बर्कच्या मोहिमेचा शेवट मात्र दुःखाचा झाला. कूपर नावाच्या ओढ्याकाठी त्याने एक तळ ठेवला आणि स्वतः विल्स, किंग आणि ग्रे ह्या तिघांना घेऊन उत्तरेच्या समुद्राकडे गेला. परतताना ग्रे वाटेत मेला. त्याला मूठमाती देण्यात त्या थकलेल्या लोकांचा एक दिवस गेला. उरलेले तिघे २१ एप्रिल १८६१ रोजी संध्याकाळी तळावर पोचले, तो तळ रिकामा! चार महिने वाट पाहून तेथील माणसे त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. पुढे दोन महिन्यांत बर्क आणि विल्स दोघेही त्या ओढ्याकाठी मरण पावले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते मेले त्या ओढ्याला पाणी होते, मासे होते, आणि काठावर यांद्रुवांधा नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राहत होते. ते लोक नार्डू नावाच्या वनस्पतीचे दाणे विशिष्ट रीतीने दळून, पाण्यात कालवून खात. गोऱ्यांनी नार्डू खाल्ला, पण ती रीत पाळली नाही. कच्च्या नार्डूमध्ये ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करणारे द्रव्य असते, त्यामुळे पोट भरूनही ते खंगत गेले असे आज मानले जाते. त्या लोकांनी मासे आणून दिले, तेव्हा एका क्षुल्लक कुरबुरीवरून बर्कने बंदूक उडवून त्यांना दूर पळविले. चौघांपैकी एकटा किंग वाचला, कारण तो यांद्रुवांधांच्या आश्रयाला गेला आणि त्यांनी त्याला पोसले. सप्टेंबर १८६१ मध्ये शोधपथकाला तो त्यांच्यातच सापडला. वीस टन सामानाने जे साधले नाही ते शेजाऱ्यांच्या ओंजळीने साधले.

उंटांची जागा पुढे मोटारीने घेतली. मारी गावापासून बर्ड्‌सव्हिलपर्यंत सुमारे ५१७ किलोमीटरची एक कच्ची वाट वाळवंटाच्या कडेने जाते. तिला बर्ड्‌सव्हिल ट्रॅक म्हणतात. ह्या वाटेवर १९३६ पासून टॉम क्रूझ नावाचा माणूस दर पंधरवड्याला टपाल आणि सामान पोचवीत असे. त्याची ‘लेलँड बॅजर’ लॉरी आणि तो स्वतः १९५४ च्या ‘द बॅक ऑफ बियाँड’ ह्या माहितीपटामुळे जगाला ठाऊक झाले. वाळूची टेकडी लागली की क्रूझ लोखंडी पत्रे चाकांपुढे अंथरी, लॉरी त्यावरून पुढे घेई, मागचे पत्रे उचलून पुन्हा पुढे मांडी. आजचे प्रवासी ह्याच कामासाठी प्लॅस्टिकच्या खाचेरी फळ्या बरोबर नेतात. साधन बदलले, युक्ती तीच आहे.

सिम्प्सनच्या मधल्या टेकड्या ओलांडून मोटारीने पहिला प्रवास १९६२ साली भूगर्भशास्त्रज्ञ रेग स्प्रिग ह्यांनी केला, आणि तोही पत्नी व मुलांना बरोबर घेऊन. पुढच्याच वर्षी तेल शोधणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने टेकड्यांवरून सरळ वाट पाडली. तेल सापडले नाही, वाट राहिली. आज ‘फ्रेंच लाइन’ म्हणून प्रवासी जिच्यावरून जातात ती हीच.

आता आपण त्या गाडीकडे वळू, आणि तिच्याकडे गृहिणीच्या दृष्टीने पाहू. पहिला प्रश्न पाण्याचा. अशा मुलुखात दर माणशी दर दिवसाला सुमारे दहा लिटर पाणी धरावे असा सल्ला देतात. त्यात पिणे, स्वयंपाक आणि अगदी काटकसरीची स्वच्छता आली. दोन माणसे, दहा दिवस. म्हणजे दोनशे लिटर. आपल्या मोरीतले मोठे पिंप साधारण तेवढेच असते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तेव्हा पाणीच झाले दोनशे किलो. ज्यांनी हंडे वाहिले आहेत त्यांना पाण्याचे वजन निराळे सांगावे लागत नाही. दुसरा प्रश्न इंधनाचा. छोट्या ट्रकला वाळूत शंभर किलोमीटरला पंचवीस-तीस लिटर डिझेल लागते असे धरले, तर साडेपाचशे किलोमीटरला दीडशेच्या वर जाते. वाट चुकण्यासाठी आणि परत फिरण्यासाठी राखीव धरून दोनशे लिटर घ्यावे. त्याचे वजन सुमारे एकशे सत्तर किलो. वर अन्न, दोन जादा टायर, हत्यारे, अंथरूण-पांघरूण.

म्हणजे वजन वाढत जाते. आणि येथेच ह्या सगळ्या प्रकारातील मुख्य पेच आहे. सुरक्षिततेसाठी जितके अधिक घ्यावे तितकी गाडी जड होते. जड गाडी वाळूत अधिक रुतते. रुतलेली गाडी अधिक इंधन खाते. आणि अधिक इंधन न्यावे तर पुन्हा वजन वाढते. म्हणून जाणता प्रवासी यादी करताना काय घ्यावे ह्यापेक्षा काय वगळावे ह्यावर अधिक वेळ घालवितो. पाणी, इंधन आणि दुरुस्तीचे सामान ह्यांना तो हात लावीत नाही. बाकी सर्वाला कात्री लावतो. पाणीही तो एकाच टाकीत ठेवीत नाही. एक टाकी दगड लागून फुटली तरी दुसरी उरावी म्हणून दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवतो.

घर ट्रकवर बसविण्यातही एक खुबी आहे. खडबडीत वाटेवर ट्रकची चासी पिळवटते. पुढचे डावे चाक खड्ड्यात आणि मागचे उजवे उंचवट्यावर, असे झाले की तिला पीळ पडतो. घर जर चासीला चारही कोपऱ्यांत घट्ट आवळलेले असेल तर तो पीळ घराच्या भिंतींत उतरतो आणि त्या तडकतात. म्हणून घराची बैठक स्प्रिंगांवर किंवा तीनच ठिकाणी टेकणाऱ्या फिरत्या जोडावर करतात. तीन पायांची घडवंची कोणत्याही जमिनीवर डुगडुगत नाही, चार पायांचे टेबल डुगडुगते. हा घरातलाच अनुभव तेथे उपयोगी पडतो. वीज सूर्यापासून घेतात. छपरावर दोनशे वॉटची सौर पट्टी असली आणि चांगले ऊन पाच तास मिळाले, तर हिशेबाने एक युनिट वीज होते. प्रत्यक्षात त्याहून कमी. छोट्या शीतकपाटाला आणि दिव्यांना तेवढी पुरते. वाळवंटात सूर्य भरपूर असल्याने ही एकच वस्तू तेथे वाटेत भरून घेता येते.

आता वाळू आणि चाक. वाळूत गाडी का रुतते? वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. थोड्या जागेवर जास्त भार आला की ते बाजूला सरकतात आणि चाक खाली जाते. उपाय दोन: भार कमी करावा, किंवा तो अधिक जागेवर पसरावा. उंटाचा तळवा रुंद आणि मऊ असतो तो ह्यासाठीच. टायरमधली हवा कमी केली की टायरचाही असाच तळवा होतो. हिशेब करून पाहा. चार टनांच्या गाडीच्या एका चाकावर साधारण एक हजार किलो भार येतो. टायरमध्ये चौरस इंचाला ६० पौंड दाब असेल, तर टायर जमिनीला ढोबळमानाने २४० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. तोच दाब २५ पौंडांवर आणला की टेकण्याची जागा सुमारे ५७० चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे दुपटीहून अधिक. ही जागा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढते आणि चाक रणगाड्याच्या पट्ट्यासारखे वाळूवरून चालते. मात्र हवा कमी असलेला टायर वेगाने पळविला तर त्याच्या बाजू वाकून वाकून तापतात आणि फुटतात. म्हणून वाळूत सावकाश जावे, आणि टणक रस्ता लागताच पंपाने पुन्हा हवा भरावी. मागच्या जोडचाकांऐवजी एकेकच रुंद चाक बसवितात, तेही एवढ्यासाठी की पुढच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीतूनच मागचे चाक जावे. नवी चाकोरी पाडण्यात शक्ती जाऊ नये.

ह्या युक्त्यांचे मोठे श्रेय राल्फ बॅग्नॉल्ड ह्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला आहे. १९२० नंतरच्या दशकात इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात त्याने साध्या मोटारी घेऊन भ्रमंती केली. टायरची हवा कमी करणे, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हाळी सरकविणे, सूर्याच्या सावलीवरून दिशा दाखविणारे होकायंत्र, ह्या गोष्टी त्याने पद्धतशीर वापरल्या. इंजिनाच्या रेडिएटरमधले पाणी उकळून वाफ होऊन जात असे. ती वाफ एका डब्यात नेऊन थंड करावयाची आणि तेच पाणी परत वापरावयाचे, हीही त्याची सुधारणा. पुढे वाऱ्याने वाळूच्या टेकड्या कशा घडतात ह्यावर त्याने १९४१ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो शास्त्रज्ञ अजूनही उघडतात. सुट्टीतील हौस आणि शास्त्र ह्यांचा असा संगम क्वचितच पाहावयास मिळतो.

टेकडीवर एक निराळाच धोका असतो. चढणाऱ्या गाडीचे तोंड आकाशाकडे असते, पलीकडून दुसरी गाडी येत असली तर दोघांनाही शेवटपर्यंत दिसत नाही. म्हणून प्रत्येक गाडीच्या पुढे जमिनीपासून साडेतीन मीटर उंच काठीवर भगवट रंगाचे निशाण लावण्याचा नियम आहे. शिवाय बिनतारी यंत्राच्या १० क्रमांकाच्या पट्टीवर सर्वांनी आपली चाहूल देत राहावयाची. डिसेंबरच्या १ तारखेपासून मार्चच्या १५ तारखेपर्यंत तेथील कडक उन्हाळा असतो. तेवढ्या काळात हे राखीव उद्यान प्रवाशांना बंदच ठेवतात.

ते का, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. माणसाचे शरीर घामाने थंड राहते. एक लिटर घाम वाळला की तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. कडक उन्हात चालणाऱ्या माणसाला तासाला एक लिटर घाम सहज येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील ॲडॉल्फ ह्या शरीरशास्त्रज्ञाने वाळवंटातील सैनिकांवर पुष्कळ प्रयोग केले. ते १९४७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याने दाखविले की दिवसाचे तापमान ४८ अंशांपर्यंत चढत असेल, तर पाण्यावाचून सावलीत स्वस्थ बसलेला माणूससुद्धा सुमारे दोनच दिवस जगतो. पाणी घोट घोट पुरवून प्याल्याने आयुष्य वाढत नाही. वाढते ते घाम वाचविल्याने. सावलीत बसावे, अंगावर कपडे ठेवावेत, दिवसा चालू नये. बाटलीतले पाणी राखून ठेवून उन्हात चालणारा माणूस बाटली शिल्लक असतानाच कोसळतो.

डिसेंबर १९६३ मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियात स्थायिक होण्यास आलेले एक कुटुंब मारीहून बर्ड्‌सव्हिलच्या वाटेने निघाले. आई, वडील आणि तीन मुलगे. वाट चुकली, फिरता फिरता पेट्रोल संपले. चिठ्ठी लिहून ठेवून ती मंडळी मोटार सोडून पाण्याच्या शोधात निघाली. पाचही जण तहानेने मेले. त्यांच्या थडग्यावर आजही प्रवासी थांबतात. मोटार सोडू नये हा नियम त्या दिवसापासून तेथील प्रत्येक मुलाला शिकवितात. तो नियम का आहे ते उघड आहे. विमानातून पाहणाऱ्याला चालणारा माणूस वाळूत दिसत नाही. मोटार दिसते, तिची काच उन्हात चमकते. मोटारीला सावली असते. आणि ज्यांनी शोधावयाचे ते वाटेनेच शोधत येतात. गाडी बंद पडली तरी ती घर राहतेच. घर सोडून निघालेला माणूस मात्र बेघर होतो.

आज ह्या कामी नवी साधने आहेत. उपग्रहामार्फत बोलणारा दूरध्वनी आहे. तळहातावर मावेल असे एक संकटसूचक यंत्र मिळते. त्याची कळ दाबली की उपग्रहाकडे ४०६ मेगाहर्ट्‌झवर हाक जाते आणि शोधपथकाला जागा कळते. त्यापूर्वी, मे १९२८ मध्ये, जॉन फ्लिन ह्या धर्मोपदेशकाच्या खटपटीने क्लोनकरी गावात विमानातून जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली, आणि आल्फ्रेड ट्रेगर ह्याने सायकलसारखे पायटे मारून चालविण्याचे बिनतारी यंत्र तयार केले. दूरच्या कुरणावरील बाई पाय मारीत मारीत डॉक्टरांशी बोलू लागली. ती सेवा आजही चालू आहे. ह्या सर्वांतून काय दिसते? एकट्या पडलेल्या माणसाला वाचविण्यासाठी त्याच्या पाठीमागे केवढे तरी मनुष्यबळ उभे असते. स्वयंपूर्ण म्हणविणारी गाडीही शेवटी ह्याच धाग्याला बांधलेली आहे.

ह्या वाळवंटात खरेखुरे स्वयंपूर्ण असे लोक होऊन गेले, त्यांचेही स्मरण केले पाहिजे. वांगकांगुरू लोक सिम्प्सनच्या ऐन मध्यात राहत. टेकड्यांच्या दरम्यान कोठे वाळूखाली पावसाचे गोडे पाणी साठून राहते हे त्यांना ठाऊक होते. तेथे ते अरुंद आणि खोल विहिरी खणीत. त्यांना ते ‘मिकिरी’ म्हणत. १८८६ साली डेव्हिड लिंडसे हा भूमापक एका वांगकांगुरू माणसाला वाटाड्या घेऊन आत शिरला, तेव्हा अशा नऊ विहिरींपाशी जाऊन आला. शतकाच्या अखेरीस ते लोक वाळवंट सोडून बाहेरच्या वस्त्यांवर गेले. १९३६ साली टेड कोलसन हा वाळवंट ओलांडणारा पहिला गोरा माणूस ठरला. त्याच्याबरोबर पाच उंट आणि पीटर एन्स नावाचा आदिवासी सोबती होता. ‘पहिला’ ह्या शब्दाआड ते दुसरे नाव बहुधा झाकले जाते. ट्रकवाल्याची स्वयंपूर्णता टाकीत मावते आणि दहा-पंधरा दिवसांत संपते. वांगकांगुरूंची स्वयंपूर्णता स्मरणात साठविलेली होती, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

आणखी एक मुद्दा, आणि तो थोडा संकोचाचा असला तरी महत्त्वाचा आहे. स्वयंपूर्ण गाडीची व्याख्या करताना तिकडे फक्त काय आत घेतले हे पाहत नाहीत. काय बाहेर टाकले नाही हेही पाहतात. चांगल्या गाडीत तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी धुण्याभांड्यांच्या सांडपाण्याची आणि तिसरी शौचकूपाची. मागच्या दोन टाक्या गावात नेमलेल्या जागी रिकाम्या करावयाच्या. वाळवंटात कचऱ्याची पेटी नाही, झाडणारा नाही. कोरड्या हवेत केळीची साल किंवा कागदसुद्धा लवकर कुजत नाही. म्हणून जे नेले ते परत आणावयाचे. दोनशे लिटर पाणी घेऊन निघालेला माणूस किती पाण्यात भांडी घासतो हे पाहण्यासारखे असते. प्रथम ताट कागदाने पुसतो, मग वाटीभर पाण्यात धुतो, आणि तो कागदही पिशवीत बांधून ठेवतो. आपल्याकडे नळ सुरू ठेवून दात घासणाऱ्या माणसाला पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे दिसत नाही. त्या गाडीत दोन्ही टोके हाताच्या अंतरावर असतात, त्यामुळे हिशेब आपोआप शिकावा लागतो.

मग इतका खटाटोप करून लोक तेथे का जातात? मला वाटते, हिशेब संपल्यावर जे उरते त्यासाठी जातात. थंडीच्या दिवसांत रात्री पारा शून्याच्या खाली जातो, आभाळ काठोकाठ ताऱ्यांनी भरते, आणि सकाळी टेकडीच्या लाल वाळूवर रात्रीत फिरून गेलेल्या लहानमोठ्या जीवांच्या पायांची अक्षरे उमटलेली असतात. पावसाने कृपा केली तर तीच वाळू फुलांनी झाकते. डलहौसी येथे जमिनीच्या पोटातून कोमट पाण्याचे झरे वर येतात. त्या कुंडात पोहून प्रवासी पुढच्या कोरड्या दिवसांना सामोरे जातात. ही सुखे मिळविण्यासारखी आहेत, ह्यात मुळीच शंका नाही.

तेव्हा आपल्या मुलांना तेथे जाऊ नका असे सांगावे, असे माझे म्हणणे नाही. जावे, अवश्य जावे. पण दूरध्वनीवर ‘जेवलास का?’ एवढेच विचारून थांबू नये. चार प्रश्न आणखी विचारावेत. पाणी किती घेतले आहे? कोणत्या वाटेने जाणार? अमुक गावी कोणत्या दिवशी पोचणार? आणि त्या दिवशी निरोप आला नाही तर आम्ही कोणाला कळवावे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर एका कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद दूरध्वनीशेजारी ठेवावा. सगळ्या सामानात ह्या कागदाला वजन नाही आणि त्याला काही मोल पडत नाही. कूपरच्या तळावरची माणसे चार महिने थांबली आणि काही तासांनी चुकली. आपल्याकडे तो कागद असला तर वाट पाहणाऱ्याने नेमके केव्हा उठावयाचे हे त्याला ठाऊक असेल. बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालेल्याचे खरे घर शेवटी तेच, जिथे कोणीतरी दिवस मोजीत बसलेले असते.